कॉलिनला, वहीची पानं पाठवताना

कॉलिन,
मे महिन्याची पानं सोबत आहेत.
तुला ती वाचता येणार नाहीत.
रागावू नकोस, आधी एवढं ऐक;
हे पत्र अजून तुझ्याच भाषेत आहे.

एकोणीस वर्षं मी पक्षी इंग्रजीत पाहिले.
म्हणजे डोळे माझेच होते,
पेन्सिल मात्र शाळेतून आलेली.
पुल्हेलीहून सुटणारी सकाळची बस,
वही स्टिअरिंगच्या बाजूला, रेनकोटाखाली.
म्हातारं माणूस पायरी उतरेपर्यंत दोन ओळी होतात:
तारीख, वारा, पक्षी, किती.
इंग्रजीतच का, हे कुणी विचारलं नाही, मीही नाही.
फॉर्म इंग्रजीत, पगार इंग्रजीत, डॉक्टरची चिठ्ठीही.
वेल्श होती ती कुत्र्याला हाक मारायला,
बायकोशी भांडायला,
रविवारी चॅपेलात शेवटच्या बाकावर उभं राहायला.
मला वाटे, छंद म्हणजे
जरा बाहेरचे कपडे घालून करायची गोष्ट.

मग मार्चमधला तो मंगळवार.
एर्ख नदीच्या पुलावर मेंढ्या आडव्या आल्या, बस थांबली.
मागून ग्वेनवाइर ओरडली,
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तरी दिसलं तिलाच:
ग्लास अ दॉर्लान!

काठाची निळाई. शब्दशः एवढंच.
त्या नावात चोच नाही, मासा नाही, मारणं नाही.
फक्त काठ,
आणि काठावरून जे सर्रकन गेलं ते.
खरं सांगतो, दिसलंही तेवढंच होतं.
माझ्याही तोंडून तेच निघालं, तिच्याबरोबर.
वहीत लिहिलं: किंगफिशर, एक.
लिहिताना हात थांबला,
टोलनाक्यावर सुटे पैसे चाचपावेत तसा.
पक्षी पुलाखालून केव्हाच पलीकडे गेला होता
आणि मी अजून त्याचं भाषांतर करत होतो.

आता सगळं सोपं झालंय असं समजू नकोस.
बोलता येतं म्हणून लिहिता येतंच असं नाही.
एप्रिलचं पहिलं पान मॉर्वेनला दाखवलं,
पोरगी शाळेत शिकवते, तिनं लाल पेन काढलं:
सत्तावीस चुका.
पिसं झडण्याच्या दिवसांना काय म्हणतात
हे विचारायला मला, साठीच्या माणसाला,
खाटकाच्या दुकानात रांगेत उभं राहावं लागलं.
तिथेही तीन जणांनी तीन शब्द सांगितले
आणि चौथ्यानं, हवंय कशाला, असं विचारलं.

तेच पान तुलाही पाठवलं होतं.
त्यावर तुझं कार्ड आलं:
टेक्विन, हे जागोजागी ग्लास, ग्लास काय आहे?
नदीवर कुणी बाटल्या फोडल्या का?

दोन दिवस हसलो.
मग उत्तर लिहायला बसलो, आणि अडकलो.
तू ज्याला राखी म्हणतोस तो बगळा आमच्याकडे ग्लास.
चिमण्या उचलणारा ससाणा ग्लास.
भिजलेली छपराची पाटी, काही दिवसांचा समुद्र,
इतकंच काय, गवताच्या नावातही तोच बसलाय.
निळा म्हणून सांगावं तर बगळा खोटा पडतो,
राखी म्हणावं तर नदीकाठ विझतो.
एकोणीस वर्षं मी तुझ्यासाठी रंग वेगळे काढत आलो,
धुण्यातले मोजे काढावेत तसे.
आता सगळं एकत्रच भिजवलंय.
लागू दे एकमेकांचा रंग.

आकडे तुला कळतील. तारखाही.
वाऱ्यासाठी पूर्वीसारखाच बाण काढलाय.
चार तारखेचा डाग चहाचा आहे, त्याची नोंद करू नकोस.

आणि बावीसच्या पानावर एकही पक्षी नाही.
ग्वेनवाइर गेली त्या दिवशी.
आधी इंग्रजीत लिहून पाहिलं, वाक्य नीट झालं,
म्हणून खोडलं.
खाली जे आहे ते मॉर्वेनला दाखवलेलं नाही.
त्यातल्या चुका तशाच आहेत.

टेक्विन