तोंड फिरवून

मामाने हुर्राक ओतला, वर लिंबू पिळलं.
मी दोन्ही हातांनी ग्लास धरला
आणि मान वळवून
विहिरीच्या रहाटाकडे बघत प्यालो.

"तोंड कित्याक फिरयता रे?
म्हजें तोंड पळोवंक नाका?"

आता याला कसं सांगू.
गोजे बेटावर, जहाजांच्या पोटात
सहा वर्षं पाइप जोडताना
जे अंगात मुरलं त्यातलं हे एक:
वडीलधाऱ्यासमोर पिताना तोंड वळवायचं.
तिथे वळवलं नाही म्हणून मी उद्धट होतो,
माशेलात वळवलं म्हणून.

पहिल्या दिवशी नोह फोरमनने
नावाआधी वय विचारलं.
मला वाटलं, विम्याचा कागद भरतोय.
तो ठरवत होता
माझ्याशी कुठल्या क्रियापदात बोलायचं.
नऊ वर्षांनी लहान निघालो.
तेव्हापासून त्याचा ग्लास भरणं माझ्याकडे,
आणि माझा मी भरायचा नाही,
कोणाचं तरी लक्ष जाईपर्यंत
रिकामा समोर ठेवून बसायचं.
पहिल्या हिवाळ्यात पुष्कळदा
तहानलेलाच उठलो.

कॅन्टीनमध्ये एकदा भाताची वाटी उचलून
तोंडाला लावली, पेज प्यावी तशी.
टेबलावरचं बोलणं थांबलं. इतकंच.
पुढे स्टीलच्या काड्यांनी
एक काळा घेवडा उचलता आला,
त्या रात्री घरी फोन केला.
आई म्हणाली, "हाताक कितें जालां?"

दाराशी चपला काढणं तेवढं आयतं येत होतं.
बाकीचे परदेशी उंबऱ्याशी घुटमळत,
मी सरळ आत.
एका पावलापुरता घरचा.

आणि ते हेल्मेट.
त्यावर मी हौसेने लाल रंगात नाव लिहिलं होतं.
नोहने थिनर आणलं,
चिंधीने स्वतः घासून पुसलं,
काळ्या मार्करने त्याच्या लिपीत लिहिलं: उल्हासु.
लाल रंगात तिथे मेलेल्याचं नाव लिहितात
हे मला दुसऱ्याच कोणीतरी सांगितलं,
खूप नंतर.

बहिणीच्या लग्नासाठी चाळीस दिवसांची रजा.
कोन्सेसांवला बांगड्यांचे पैसे दोन्ही हातांनी दिले,
ती टोपलीवर हात मारून हसली,
"म्हाका पुजता काय रे तूं?"
पोदेराला कमरेत वाकून नमस्कार केला,
त्याने सायकल थांबवली.
त्याला वाटलं, माझं काही पडलं.
तोही वाकून शोधू लागला.
आम्ही दोघं थोडा वेळ रस्त्यात तसेच,
पाव निवत होते.

काल मावशीने पाकिटांवर नावं घातली
लाल पेनाने, शुभ म्हणून.
काका, काकी, दोडामार्गची आत्ये,
सगळे जिवंत, सगळे लाल.
एक पाकीट माझ्या नावाचंही, गंमत म्हणून.
माझा हात पेनाकडे गेला
आणि वाटेतच राहिला.
म्हटलं, मावशी, अक्षर छान आहे तुझं.

मामाचा ग्लास मी दोनदा भरला.
माझा रिकामा.
मामा म्हणाला, घे मरे, बाटली तुझ्याच बाजूला आहे.
मी बसून राहिलो.
काजूच्या बोंडांवर माश्या घोंगावत होत्या,
देवळात कोणीतरी एकदाच घंटा वाजवून गेलं.
शेवटी मामाच पुढे झुकला,
ओतलं, अर्धं पाटावर सांडलं.

या वेळी मान हलू दिली नाही.
समोर बघून प्यालो.
मामाचे पुढचे दोन दात गेलेत,
उजव्या डोळ्यावर दुधाळ पडदा आलाय.
आठ दिवस या घरात आहे मी.

सहा वर्षं दर शुक्रवारी
नोहबरोबर प्यालोय.
घोट घेताना तो कसा दिसतो,
मला माहीत नाही.