आपल्या

शुक्रवारी म्हापशाला, चोरिसाच्या माळांच्या पलीकडे,
ताडपत्रीवर शिश्या मांडलेल्या:
तीसला एक, दोन घेतल्या तर पन्नास.
कंपनीचं नाव नाही, झाकणावर सोनेरी पक्षी,
तोही अर्धा खरवडलेला.
मी करंगळी पुढे केली.
त्याने ब्रश फिरवला, नजर दुसऱ्याच गिऱ्हाइकावर.
वास असा उठला की शेजारची सुकी सुंगटं लाजली.
लिपस्टिक चाळीस. तीही घेतली.
आरशाच्या तुकड्यात एका वेळी एकच ओठ मावत होता.

डिचोलीच्या वेरेकरांकडे मात्र काचेचं कपाट आहे
आणि कपाटाची किल्ली जानव्याला.
लावून बघू देत नाहीत.
"रंग पाहिजे ना? हा घ्या रंग,"
म्हणून जुन्या कॅलेंडरवर रेघ ओढतात.
गेल्या सालची अख्खी चतुर्थी तिथे
मरून, कॉफी, डाळिंबी होऊन पडली आहे.
एकशे ऐंशी. कागदावर छान दिसला.
मी काही कागद नाही म्हटलं,
तर हसले, पण कुलूप लावलंच.

इनासिना म्हणाली, "एकदा वयर जाऊन बघ गे,
पर्वरीच्या मॉलात. बघायला पैसे लागत नाहीत."
माझ्या शेजारी बसून ती बावीस वर्षं काजू फोडते.
चिकाने आमच्या दोघींच्या बोटांची टोकं
कधीच जळून गेली आहेत; नेलपॉलिश
नखाला लावतो, बोटाला नाही,
हे स्वतःला परत परत सांगावं लागतं.

वर थंडगार होतं. फरशी इतकी स्वच्छ
की चप्पल काढावीशी वाटली.
काउंटरमागे काळ्या कपड्यांत दीपश्री.
छातीवरच्या बिल्ल्यात नुसतंच 'दीपा'.
बाजूला तिची वरची बाई उभी, हातात वही.
"वेलकम, मॅम," माझी मुलगी मला म्हणाली.
मी म्हटलं, "लिपस्टिक दाखवा."
एवढं साधं वाक्य, पण 'दाखवा' म्हणताना
जीभ जराशी अडखळली.

आधी तिने माझे ओठ पुसले.
कापसावर चाळीस रुपये उतरले.
मग मनगट हातात घेतलं आणि रेघा ओढल्या,
आठशेची, बाराशेची, सोळाशे पन्नासची.
चिकाचा काळा डाग नेमका कुठे संपतो
ते तिला बघावं लागलं नाही.
हनुवटी धरली. "मॅम, तोंड थोडं उघडा."
तिला पेज भरवताना मीही असंच तोंड उघडायचे,
माझं, ती उघडेल म्हणून.

"आपल्या रंगाला ही शेड शोभेल," ती म्हणाली.

आपल्या.
गिऱ्हाइकाला म्हणतात ते आदराचं आपल्या,
की घरातलं, दोघींचं?
मी तिच्याकडे बघितलं. तिने वहीकडे.

सोळाशे पन्नास म्हणजे माझी चार दिवसांची मजुरी,
वर थोडे सुटे. आरसा मोठा होता,
त्यात पूर्ण तोंड मावलं,
आणि खोटं कशाला बोलू, मी बरी दिसत होते.
"विचार करून येते."
"शुअर, मॅम."
कदंबाच्या बशीत कंडक्टर दोनदा म्हणाला तिकीट,
मी ओठ न हलवता सुटे पैसे दिले.
घरी चहा बशीत ओतून प्यायले, कडेकडेने.
तरी बशीला लागलाच.

दहाला ती आली. बूट काढले,
पावलांवर मोज्यांचे वळ.
हुमण वाढलं. तिने माझी करंगळी पकडली.
"हा कुठला? केवढ्याला?"
"तीस."
"सोळाशेच्या बाईला?" म्हणाली, आणि दोघीही फुटलो.
मग म्हणाली, मला लाव. हाताला नको,
हाताला कंपनीचाच लागतो. पायाला.
बुटात कोण बघतंय.

तिची पावलं मांडीवर घेतली.
अंगठा अजून बापासारखा, बाहेर वळलेला.
हुमणाच्या वासावर शिशीचा वास चढला,
मांजर उठून गेलं.
"वाळेपर्यंत हलू नकोस."
लहानपणी एवढं सांगितलं की ती हमखास हलायची.
आज हलली नाही.
तिसऱ्या बोटालाच तिला झोप लागली होती.