पान सहाशे अकरा

'काजळबेटा'चा पाचवा भाग आला तेव्हा
डिचोलीच्या आमच्या वाचनालयात तो उभा राहील असा कप्पाच नव्हता.
आठशे सत्तर पानं. मी तो आडवा ठेवला
जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर,
पंख्याने काही उडू नये म्हणून.

शेवटच्या कोऱ्या पानावर मत लिहायची पद्धत
मी सुरू केली नाही, थांबवलीही नाही.

पहिली आर्या वेरेकर, सहावी ब :
"तीनशे पानं सगळी नुसती चिखलात बसलीत.
कोण काय करत नाही. नकाशा मात्र बरा."
खाली निळ्या शाईत, बिननावाचं :
"चौथ्या भागात ज्वालामुखी होता.
ह्यात भात शिजवतात. दोनदा."
अफ्रोज शेखने शुद्धलेखनाच्या सतरा चुका
पान क्रमांकांसकट उतरवल्या
आणि शेवटी, बारीक अक्षरात : "पहाटे दोनला संपलं."

एल्टन फुर्ताद मराठी वाचतो, सावकाश,
लिहायला मात्र लाजतो. टेबलाशी येऊन म्हणाला,
"राणी फटींग. व्हडें मात बरें."
मी तसंच लिहून घेतलं, त्याने सही केली.

सोहम काण्याची आई फोनवर :
एवढं जाड पुस्तक पोरांना देऊ नये, मान धरते.
कोणाची धरली ते बोलल्या नाहीत.
सहाव्या भागाच्या यादीत पहिलं नाव त्यांचंच.

मग बाबुसो हळर्णकर.
खाण बंद पडल्यापासून त्यांचा ट्रक मयेच्या वळणावर,
चाकांतून घाणेरी उगवलेली.
केबिनमध्ये बसून वाचलं म्हणाले, दोनदा मुदत वाढवून.
आणि ट्रिपशीट भरावी तसं लिहिलं :
"पान शंभर ते चारशे. वाट बघणे.
बरोबर लिहिलंय. माणूस वाट बघतो तेव्हा चिखलातच असतो.
भात शिजवतो. दोनदा."
त्याखाली आर्या परत येऊन :
"हो, पण ते आम्ही का वाचायचं?"
ह्याला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.
मी स्वतः चारशे बारावर अडकलेय, मी कोण देणार.

पण सगळ्यांचं एका बाबतीत जमायचं : पाणमांजर.
इथे आम्ही हूद म्हणतो.
"हूद मेला, मी जेवलो नाही." "लेखिकेशी कट्टी."
"हे पान वाचू नका" असं म्हणून पानाचा आकडा.

चतुर्थीनंतर सूर बदलला.
"हूद सहाव्या भागात राजा होणार काय?"
"हूद मध्येच कुठे गेला? बहुतेक मासे पकडायला."
कोणी रडेना.

मी पुस्तक उघडलं.
सहाशे दहा संपतं, "तिने पाण्याकडे पाहिलं आणि"
सहाशे तेरा सुरू होतं, "सकाळी सगळे पुढे निघाले."
मधलं पान पट्टी धरून, ब्लेडने, शिवणीपाशी कापलेलं.
जोड लागते. वाईट म्हणजे, छान लागते.

पान मला दंडाच्या डब्यात सापडलं,
चार घड्या, आत दहाची नोट.
कापणाऱ्याने आपला दंड आपणच ठरवला होता.
अक्षर नाही, डाग नाही.
आकडे कोण नीट लिहितं, रेघ कोण सरळ मारतं,
कोणाकडे दुपारभर वेळ असतो,
सगळं मला माहीत आहे. विचारलं नाही.

डिंकाची बाटली खणात आहे, पान तिच्याखाली.
समिती म्हणेल, चिकटवा.
मीही म्हणते, उद्या.

काल चौथीतली स्वधा गांवकर
ते दोन्ही हातांनी पोटाशी धरून आली,
हनुवटी वरच्या कडेवर टेकवून.
"बाय, ह्यात कोण मरतं?"

खण अर्धा उघडा होता.
मी म्हटलं, नकाशा बरा आहे,
आणि तारखेचा शिक्का मारला.