नेरूळचा ळ

महापालिकेच्या शाळेत, तळमजल्यावर, तिसरी 'ब'च्या खोलीत
संध्याकाळी साडेसात ते नऊ
प्रौढांसाठी मराठी. फी नाही.
फॉर्मला दोन फोटो, आधारची झेरॉक्स.
बाक आठ वर्षांच्या गुडघ्यांसाठी केलेले,
मोठी माणसं त्यांवर तिरकी बसतात,
एक पाय बाहेर,
कुणी हाक मारली तर पटकन उठता यावं म्हणून.

पहिल्या दिवशी मी फळ्यावर एकच अक्षर काढलं.
ळ.
मागच्या बाकावरून मुरुगेसन
(इडलीची सायकल, सेक्टर वीसचा नाका)
म्हणाला, मॅडम, हे आमच्याकडे आहे.
आणि म्हणून दाखवलं:
केळं. पातळ. नेरूळ. सारसोळे.
जीभ टाळूला अशी लागली
जशी घरच्या दाराला घरची कडी.

मला हे अक्षर यायला चौथी उजाडली होती.
आम्ही सारसोळ्याचे. आमच्या घरात शाला, डोला, कालोख.
बाई तळव्यावर पट्टी टेकवून म्हणायच्या, पुन्हा म्हण.
अक्षराआधी मला पट्टी कळली.

रामजतन नेरुल म्हणतो.
ज्या गेटवर तो बारा तास उभा असतो
त्यावर पितळेत नेरूळ लिहिलंय,
सकाळी तोच ते फडक्याने पुसतो.
चुकलं, म्हणायला मी तोंड उघडलं
आणि तसंच राहिलं.
माझी आईही नेरूलच म्हणते.
तिथे गेट नव्हतं, मिठागर होतं,
तेव्हापासून म्हणते.

संयुक्ता बेहेरा, हॉस्पिटलात आया,
वहीत रकाने पाडून आली:
तो चंद्र, ती चांदणी, ते चांदणं.
म्हणजे मॅडम, एकाच घरातली तीन माणसं?
मी म्हटलं, हो, तसंच समज.
व्याकरणाच्या पुस्तकात याहून बरं उत्तर नव्हतं.

अण्णम्मा रिटायर्ड नर्स.
चौतीस वर्षं एकाच मराठी वाक्यावर काढली:
दुखणार नाही हं.
आता तिला दुसरं वाक्य हवंय.

सहाव्या आठवड्यात आम्ही आणि आपण.
आम्ही म्हटलं की ऐकणारा उंबऱ्याबाहेर,
आपण म्हटलं की तोही आत, चपला काढून.
मुरुगेसन आणि अण्णम्मा एकमेकांकडे बघून हसले,
हेही त्यांच्याकडे होतं.
रामजतन म्हणाला, आपण म्हणजे तर तुम्ही ना?
तेही, मी म्हटलं.
मग मराठीत कळायचं कसं, कोण कुठे उभा आहे?
मी डस्टर शोधायला लागले.

त्याच शुक्रवारी शिपाई चिठ्ठी घेऊन आला.
पट पंधराच्या खाली. वर्ग महिनाअखेर बंद.
त्या दिवशी अकरा जण होते,
त्यातला एक झोपलेला.

अर्ज त्यांनीच लिहिला. एकेकाने एकेक ओळ.
सुरुवात संयुक्ताच्या गोल गोल अक्षरात:
आम्ही खाली सह्या करणारे.
खाली रामजतनची ओळ, पेन दाबून, कागद फाटेल इतकं:
आपला वर्ग बंद करू नये.

माझ्या हातात लाल पेन होतं.
आमचा हवं. अर्ज साहेबांना आहे,
साहेब काही तिसरी 'ब'च्या बाकावर बसत नाहीत.
मी पेनाचं टोपण शोधलं,
सापडलं, लावलं.

विभाग कार्यालयात क्लार्कने न वाचताच शिक्का मारला.
आवक क्रमांक. तारीख. खाली कोंबडीच्या पायासारखी सही.
रामजतनने पावती रिक्षा स्टँडच्या दिव्याखाली धरली
आणि बोट ठेवून वाचत गेला,
शेवटच्या टिंबापर्यंत.

घरी आई जवळा निवडत होती.
शाला बंद झाली का तुजी?
तेवीस वर्षांत पहिल्यांदाच
जीभ वर गेली नाही.
नाय गो, मी म्हटलं,
शालेला नंबर मिलालाय.