आठ बाजू

गाडी काळी घेतली, ही पहिली चूक.
दुसरी चूक, घर बावड्याच्या अंगाला, कारखान्याच्या वाऱ्याखाली.
गळीत सुरू झालं की रात्रभर
बगॅसची काजळी पडत राहते, आवाज न करता,
आणि सकाळी टपावर बघावं
तर कुणी काळे तीळ पाखडून गेल्यासारखं.

चेअरमन खवऱ्यांनी जिन्यात कागद डकवलाय :
पाइप लावून गाडी धुणाऱ्यास पाचशे रुपये दंड.
दंडाचं मरू दे.
बोअरचं पाणी तरी कुठं धड आहे?
वाळलं की काचेवर पांढरी कडी उमटतात,
दुधाचा पेला ठेवल्यासारखी,
आणि ती काढायला पुन्हा पाणीच लागतं.

म्हणून शाहूपुरीत, नियाज मोमीनच्या दुकानात,
तीन बाटल्या मांडून बसले.
"पाण्याचा थेंब नको मॅडम. फवारा, पुसा, सुटा."
"आणि मागं काय राहतं?"
"चमक!"
म्हणजे काहीतरी राहतंच की रं.

मी हुपरीची.
आमच्याकडं पैंजण उजळायला यायचे, पोत्यानं.
रिठ्याचं पाणी, पितळी तारांचा ब्रश, आणि अप्पा :
कोरडं घासशील तर चांदी लक्षात ठेवती.
नक्षीच्या खाचेत पांढरं दिसलं
की आख्खा ढीग माझ्याकडं परत सरकायचा.
बोलायचे नाहीत.
उजळलेल्या पत्र्यावर तोंड नेऊन 'हा' करायचे.
वाफ कडेकडून आत, एकसारखी विरली तर माल पास.
मध्ये बेट राहिलं,
तर तिथं अजून कुणाचा तरी हात आहे.

बॉनेटचे मी तीन वाटे केले.
पहिल्या बाटलीला खोबऱ्याचा वास.
उन्हात तवंग दिसला, इंद्रधनुष्यासकट.
दुसरी वाळली
आणि नंबरप्लेटच्या आकड्यांत भस्म बसलं.
तिसरीला रंग नाही, वास नाही,
किंमत तेवढी आहे.
अर्ध्या बादलीला एक टोपण. नंतर धुणं नाही.
फडक्याची चौघडी घातली की आठ बाजू.
एक बाजू एकदाच, एकाच दिशेनं,
गेल्या वाटेनं परत यायचं नाही.
आणि आधी भिजू द्यायचं,
काजळीला आपणहून सुटायला वेळ द्यायचा.
हे शेवटचं नियाजनं सांगितलं नव्हतं.

मग भर रस्त्यात,
उसाचा ट्रॅक्टर हॉर्न मारतोय, चहावाला गाळणी धरून बघतोय,
मी वाकून बॉनेटवर 'हा' केला.
वाफ कडेकडून सरकली.
बेट नाही.
काळ्यात माझं तोंड, त्याच्यावर विजेच्या तारा,
तारेवर कावळा,
बाकी कुणाचं काही नाही.

"राहिलं काय, मॅडम?"

मी आठवी बाजू उलगडून दाखवली.

अप्पांच्या नखांत ते शेवटपर्यंत होतं.
दवाखान्यात नर्सनं स्पिरिटनं दोनदा पुसलं,
म्हणाली, ताई, हे निघंना.
म्हटलं, असू दे.
गावोगावच्या पोरींच्या पायांतलं आहे ते.

तिसरी बाटली घेतली. पैसे दिले, सुट्टे घेतले.
राहिली अर्धी बादली, काळी.
गटारात ओतली तर जयंती नाल्यात,
नाल्यातून पंचगंगेत,
आणि जुलैत नदी
आमचा पत्ता विसरत नाही.

"ओता की," नियाज म्हणाला.
"कुठं?"

त्यानं रस्त्याकडं बघितलं, मग बादलीकडं,
मग बाटली उलटी करून
मागचं बारीक अक्षर वाचलं.
तिथं एवढंच लिहिलं होतं :
सावलीत ठेवावे.