चार वाजता गिरणी

मानखुर्दच्या आमच्या अंगणवाडीत
सुजातच्या पाठीमागे मुद्दाम पाडलं मी
खिचडीच्या टोपाचं झाकण.
बाकीची पोरं दचकली, एक तर रडलंच.
हा ठोकळ्यावर ठोकळा ठेवत राहिला.

आजोबा म्हणाले, ह्याचा बापही उशिराच बोलला.
आई काही म्हणाली नाही.
मला वाटतं, तिला माहीत होतं,
झाकणाच्याही आधी.

सायनच्या चकरा किती, ते वहीत आहे.
कानामागे यंत्र आलं,
आणि तिथल्या बाईंनी शिकवलेलं
मी गल्लीभर सांगत फिरले :
समोर या. खाली बसा. मग बोला.

आता अंडीवाला उकिडवा बसून भाव सांगतो.
शाळेतल्या गोडबोलेबाई आत्ताच बघून गेल्या
पंख्यापासून लांबची जागा.
आणि मुनाफभाई रोज चार वाजता
दळण अर्धं सोडून गिरणी थांबवतात,
पिठाळ पंजा त्याच्यापुढे हलवून म्हणतात, बंद.

वर्षभर आरशापुढे आई शिकवत होती
आ... ई.

परवा पट्टा थांबला,
आणि मुनाफभाईंच्या आधी
पोरगंच म्हणालं,
बंद.

ती हसली.
मग तशीच बसून राहिली पायरीवर,
मांडीवर पिठाचा डबा,
अजून गरम.