शेरा

नेलकरंजीत जैतुनबी मुलाणींची पिठाची गिरणी.
मीटर भिंतीवर, लोखंडी पेटीत.
पेटीच्या भोकातून करंगळीएवढी नळी बाहेर आलेली,
मेणाची, डिंकाची,
आणि नळीच्या तोंडाशी मुंगीएवढ्या काळ्या माश्या
राखणीला.

नांगी नाही त्यांना.
फार छेडलं तर केसांत शिरतात,
भुवईला लोंबकळतात.
एवढंच.

"बारा वर्षं झाली. ह्यांचं बिल मीच भरते,"
पिठाचा हात झटकत जैतुनबी म्हणाल्या.
"आधी डिंक वडाचा आणायच्या.
रस्ता रुंद झाला, वड गेले.
औंदा बघा काय आणलंय."

वाकून पाहिलं.
नळीला निळा पट्टा.
कोपऱ्यावर हाक्यांची ट्रॉली रंगवायला काढलेली,
तिचा ओला रंग
पायाला लावून, खेप खेप करून
आणलेला.

हाक्यांच्या डाळिंबाला कळी लागलीय.
बाहेरून ट्रक आला, पेट्या उतरल्या,
पेटीला इतकं भाडं, पावतीसकट.
औषध मारायच्या आदल्या रात्री
त्या पेट्यांना जाळी लावतात.
ह्यांना कोण सांगणार?
ह्या सकाळी नऊला बाहेर पडतात,
पंपही नऊलाच सुरू होतो.
"गेल्या साली ओट्यावरनं सुपानं गोळा केल्या,"
जैतुनबी म्हणाल्या, आणि चक्कीचा पट्टा चढवला.
पुढचं ऐकू आलं नाही.

माझ्या पिशवीत नवा मीटर.
जुना काढायचा, पेटीसकट,
एकतीस तारखेच्या आत. तसा कागद आहे.
पेटी उघडली की आतली मधाची गाडगी फुटणार,
वाटाण्याएवढी,
कधीतरी कुणाच्या पोराच्या खोकल्याला
बोटभर चाटवतात तेवढीच.

मी पेचकस काढला.
नळीला अंगठा लागला.
आत सगळ्यांनी मिळून एक सूर धरला,
तारेतल्या करंटसारखा,
पण करंटला असा वास नसतो.

पेचकस परत खिशात.
यंत्रावर शेरा टाकला: कुलूप.
गिरणी माझ्यासमोर सताड उघडी,
ज्वारी पडतेय,
रांगेत तीन डबे.

दुसऱ्या दिवशी आटपाडीच्या ऑफिसात
हजेरीला अंगठा ठेवला.
डिंक रॉकेलनंही निघाला नव्हता,
रेषांत निळं काहीतरी बसलेलं.
यंत्रानं ओळखलं नाही.
म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा.